घडीचा फोन

वायरी, मालवण
७ ऑक्टोबर २०१९

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न वाचताच टाकून देऊ नकोस. कामाचं आहे. तुझ्या नाही, भावोजींच्या कामाचं.

परवा बाजारात मावशी भेटली. म्हणाली, भावोजी तो मधोमध घडी होणारा नवा फोन घ्यायचा म्हणतायत आणि तू म्हणतेस, एवढा पैसा फोनमध्ये घालणं म्हणजे वेडेपणा. पहिल्यांदाच बाजारात आलेली वस्तू, ओळखीत कुणी वापरलेली नाही, विचारायचं कुणाला? तर मला विचारा. माझ्याकडे तो आहे. चंदनने दुबईहून पाठवला. त्याच्या टगबोटीवरचा देवबागचा एक जण सुट्टीवर आला, त्याच्या हाती. अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल.

फोनच केला असता, पण तू माझा उचलत नाहीस. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू चंदनबद्दल जे बोललीस आणि मी तुला जे बोलले, ते दोन वर्षं तिथेच पडून आहे. राहू दे. भावोजींचं काम त्यात अडकायला नको.

बंद असला की फोन लांबट आणि जाड दिसतो, टीव्हीचा रिमोट हातात धरल्यासारखा. वर एक लहानशी काच. उघडला की आत वहीच्या पानाएवढा पडदा. सासूबाईंना चष्मा लावूनही पोथी दिसत नव्हती, मी त्यांना यात अक्षरं मोठी करून दिली. दुपारभर वाचत बसल्या. म्हणाल्या, "ह्यां बरा आसा गो. पान उलटूक थुंकी लावची लागना नाय." पडद्याच्या मधोमध घडीची रेघ आहे. समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला की दिसते. बोटाला मात्र सारखी लागते.

मला काही करावं लागलं नाही. चंदनने खोकं तिथेच उघडून सगळं आत घालून, जुळवून पाठवलं. एवढी काळजी कोण करतं सांग.

अक्षर वाकडंतिकडं आलंय. मे महिन्यात चंदन आला होता तेव्हा उजव्या हाताचं बोट दारात सापडलं, ते अजून नीट मिटत नाही. माझंच लक्ष नव्हतं.

मी मजेत आहे.

गौरजा

वायरी
५ नोव्हेंबर २०१९

ताई,

उत्तर नाही आलं. तरी लिहिते, कारण गेल्या पत्रात फोनचं सगळं गोड गोडच लिहिलं होतं. वापरल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी असतात.

दिवाळीतल्या वादळात आमच्या माडांच्या झावळ्या छपरावर पडल्या, दोन दिवस वीज नव्हती. समुद्र मागच्या सुरूंच्या झाडांपर्यंत आला. मला बघायला जायचं होतं. पण या फोनला वाळू चालत नाही. बिजागरीत एक कण गेला तरी आतून पडदा फुगतो म्हणे. पाणीही चालत नाही. आणि चंदनने सांगितलंय, फोन घरी ठेवून कुठे जायचं नाही. म्हणजे मी किनाऱ्यावर जायचं नाही. आमच्या घरापासून किनारा हाकेच्या अंतरावर आहे. फोन आल्यापासून मी गेलेली नाही.

नखंही चालत नाहीत. आतला पडदा काचेचा नाही, मऊ आहे, नखाची खूण उमटते. मी नखं काढून टाकली. मग चंदन म्हणाला, काचेच्या बांगड्या घासतात. त्याही काढल्या. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "वाळू चलना नाय, पाणी चलना नाय, नख चलना नाय. मगे इतको म्हागाचो घेतल्यान कित्याक?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाक करताना फोन उघडून डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा, असं ठरलंय. चंदन तिकडून बघतो. बोलत काही नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय सांगूचा आसा?" तर म्हणाला, "काय नाय. तू काम कर. माका बघूक दी." भाकरी थापताना, भांडी घासताना, पदर खोचताना. मध्येच एखादी भाकरी करपली की तेवढं बोलतो, "ध्यान खंय आसा तुझा?" पडदा मोठा असल्यामुळे त्याचा चेहरा डब्याएवढा दिसतो. घडीची रेघ त्याच्या नाकावरून जाते.

समोरच्या नर्मदाकाकी, ब्लाउज शिवतात त्या, त्यांच्याकडे परवा जरा जास्त वेळ बसले. संध्याकाळी चंदन म्हणाला, "नर्मदाकाकीकडे इतको येळ काय चल्ला होता?" सासूबाईंनी सांगितलं असेल. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

प्रेम असतं एकेकाचं असं. तू नाही म्हणशील.

गौरजा

वायरी
१४ डिसेंबर २०१९

ताई,

भावोजींनी अजून घेतला नसेल तर त्यांना थांबायला सांग.

सोमवारी सासूबाई फडताळ पुसत होत्या. फोन तिथे उघडा होता. नव्या वस्तूवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो ना, तसा एक कागद पडद्यावर आहे. त्याचा कोपरा जरा सुटला होता. त्यांना वाटलं, काढायचा राहिला. त्यांनी ओढला. तो कागद नव्हताच, पडद्याचाच भाग होता. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आधी उजवीकडची अर्धी बाजू काळी झाली. मग घडीतून हिरवी रेघ उठली, आणि जेवणापर्यंत सगळा पडदा गेला. बाहेरची लहान काच तेवढी चालू राहिली.

सासूबाईंनी फोन पदराने झाकला आणि दाराकडे बघत बसल्या, ताई. वस्तू मोडली म्हणून माणूस इतकं घाबरत नाही. मी म्हटलं, "आई, माझ्या हातान मोडलो म्हणून सांगतंय. तुमी काय बोलू नकात."

लहान काचेवर चंदनचा फोन आला. मी सांगितलं, माझ्याकडून झालं. तो शांतपणे म्हणाला, "खोटा बोलू नको. आयेन काढल्यान. तू तेवा चुलीकडे होतंस."

खरंच मी चुलीकडे होते.

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. तेव्हा दोघींनाही कळलं की आमच्यातलं कुणीच त्याला काही सांगत नव्हतं.

पणजीला कंपनीचं दुरुस्ती केंद्र आहे. जानेवारीत मी जाऊन यायचं ठरलंय. एकटीने.

गौरजा

वायरी
२१ जानेवारी २०२०

ताई,

हे पत्र नर्मदाकाकींच्या शिवणाच्या यंत्रावर वही ठेवून लिहिते आहे. फोन घरी, चार्जिंगला. सासूबाई त्याच्याजवळ रेडिओ लावून बसल्या आहेत. इथून पुढे तुला पत्रं अशीच येतील. उत्तर दिलंस तर माझ्या नावावर नको, काकींच्या नावावर दे. पत्ता मागे लिहिला आहे.

पणजीचं सांगते.

सकाळच्या एसटीने निघाले. बांद्याला गाडी थांबली तेव्हा उतरले. आपली शर्मिला आठवते? कुडाळच्या पतसंस्थेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसायची. तिचं बांद्याला लग्न झालंय, बाजारात नवऱ्याचं दुकान आहे. म्हटलं, पुढच्या गाडीने जाऊ, तिला भेटू. आधी ठरवलेलं नव्हतं. कुणाला सांगितलेलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि पिशवीत फोन वाजला.

"बांद्याक कित्याक उतारलंस?"

मी म्हटलं, "गाडी थांबली, चाय पिऊक."

"चायचा दुकान स्टँडार आसा. तू बाजारात काय करतंस?"

शर्मिला आतून हाक मारत होती, "गो गौरजा, भुतूर ये!" मी फोन छातीशी दाबून धरला आणि तिला हाताने नको म्हटलं. तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. मी तशीच वळले आणि स्टँडवर येऊन बसले.

पणजीच्या केंद्रात अनुजा नावाची मुलगी होती, पेडण्याची, आपल्यासारखंच बोलणारी. तिने फोन उघडून बघितला आणि म्हणाली, असे फोन इथे फार येत नाहीत, पडदा मुंबईहून मागवावा लागेल, आणि फोन दुबईत घेतलेला असल्यामुळे तिथली वॉरंटी इथे चालणार नाही. पडद्याची किंमत सांगितली. तेवढ्यात साधे चांगले फोन चार-पाच येतील. मग तिने तो एका यंत्राला जोडला, यंत्राच्या पडद्यावर आतलं सगळं दिसायला लागलं. बराच वेळ काही बघत राहिली. मग फोन यंत्राजवळच ठेवून मला बाहेरच्या बाकावर नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हा फोन तुम्हीच वापरता ना?"

"हो."

"यात एक ॲप लपवून ठेवलेलं आहे. तुम्ही कुठे आहात, काय बोलता, कॅमेऱ्यासमोर काय आहे, सगळं दुसऱ्या एका फोनवर जातं. फोन मिटलेला असला तरी. हे तुम्ही घातलंय?"

तिने माझ्या बोटाकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतला.

"काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

ताई, दोन मिनिटांचं काम होतं. मी नको म्हटलं. म्हटलं, तसंच राहू दे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच कुणीतरी वाईट आहे. तिला कसं सांगू? काढलं तर त्याला त्याच क्षणी कळणार, आणि त्याला कळलं हे मला कळायला तो घरी यावा लागेल. त्यापेक्षा तो बघत असलेला बरा. मला निदान ठाऊक तरी आहे, तो कुठून बघतोय.

तिने एका चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला. मी तो पाठ केला आणि चिठ्ठी तिथल्याच टोपलीत टाकली.

आता भावोजींचं. त्यांना सांग, घेऊ नका. घडी होते ती खरी, पण अजून नीट जमलेली नाही. वर्ष-दोन वर्षांत जमेल, स्वस्तही होईल, तेव्हा बघा. आत्ता जो घेईल तो फोन वापरणार नाही, सांभाळणार. सांभाळता सांभाळता काय काय सोडून द्यावं लागतं ते मी लिहिलंच आहे. ज्याला दुसऱ्याला सांभाळायला लावायचं असेल त्याच्यासाठी मात्र याहून चांगली वस्तू नाही.

आणि माझं बोट दारात सापडलं नव्हतं. चंदनने दार लावलं. हळू लावलं, माझ्याकडे बघत. मी त्याला न विचारता पतसंस्थेत परत नोकरीचा अर्ज दिला होता.

गौरजा

वायरी
२७ फेब्रुवारी २०२०

ताई,

चंदन येतोय. सुट्टीवर नाही, कायमचा. तिथलं कंत्राट मार्चमध्ये संपतं, नवीन घ्यायचं नाही म्हणतो. "आता घरीच रवतलंय. तुझ्यावांगडा." माझ्यासोबत राहायचं हे फोनवर सांगताना इतका खूश होता.

गेल्या आठवड्यात गवंडी आले. मागचं दार, विहिरीकडे जातं ते, चिऱ्यांनी बंद करून घेतलं. चंदनने त्यांच्याशी दुबईहूनच ठरवलं होतं. मला ते दारात उभे राहिल्यावर कळलं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाला, चोरांची भीती. आमच्या वाडीत चोरी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आता पाण्याला जायचं तर पुढच्या दाराने घराला वळसा घालून. परसातल्या तुळशीवर सकाळी ऊन यायचं ते घरातून दिसत नाही. दुपारीही माजघरात दिवा लावावा लागतो. खिडक्यांना जाळ्या बसायच्या राहिल्या आहेत, त्या तो आल्यावर.

रोज एक प्रश्न विचारतो. काल विचारलं, "तुझी भयण आता खंय रवता?" मी म्हटलं, माका म्हायत नाय. हसला. म्हणाला, "फोंड्याकच आसा ती. शाळेत."

तू फोंडाघाटच्या शाळेत शिकवतेस, हे त्याला ठाऊक आहे. सांभाळून राहा, ताई.

आज दुपारी मी विहिरीवर कपडे धूत होते. फोनला पाणी चालत नाही, म्हणून विहीर ही एक जागा माझी उरली आहे. सासूबाई आल्या आणि दगडावर बसल्या. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "तो येवच्या आधी तू भयणीकडे जा."

मी म्हटलं, "आई, तुमी असा कित्याक बोलतास?"

"तेचो बापूस असोच होतो. तेका फोनची गरज पडाक नाय. अख्खी वाडी तेका सांगी." त्या पाण्याकडे बघत होत्या. "माका खंय जावक जागा नव्हती. तुका आसा."

"आणि तुमी?"

"मी तेची आवस. माका काय करतलो?"

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बालदी घेतली आणि कपडे पिळायला लागल्या. चार महिन्यांमागे मी यांच्याशी अबोला धरला होता.

दोन वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. मला येऊ देशील?

गौरजा

वायरी
१९ मार्च २०२०

ताई,

तुझं उत्तर काकींनी ब्लाउजच्या कापडात गुंडाळून आणून दिलं. चारच ओळी होत्या. काकींच्या न्हाणीघरात उभी राहून वाचल्या आणि तिथेच जाळल्या. शाळा बंद झाल्या, तू भावोजींकडे कोल्हापूरला आहेस, किल्ली शेजारच्या जानकीकाकूंकडे. कळलं. शेवटच्या ओळीत लिहिलंस, 'विचारतेस काय, ये.' त्यानंतर मला बराच वेळ बाहेर येता आलं नाही.

उद्या सकाळी निघते. चंदन उद्याच दुपारच्या विमानात बसेल, परवा इथे पोचेल. आखातातून येणाऱ्यांच्या हातावर शिक्का मारून चौदा दिवस घरात बसवतायत, असं बातम्यांत आहे. म्हणजे चौदा दिवस तो, सासूबाई आणि मी, आणि एकच दार. गाड्या कमी झाल्यात. इथून कसाल, कसालहून कणकवली, तिथून मिळेल ते.

फोन इथेच राहील. सासूबाईंनी ठरवलंय, त्या तो कमरेला लावून दिवसभर घरात फिरणार. चुलीकडे, माजघरात, अंगणात. अधूनमधून भांडी आपटणार. त्याने फोन केलाच तर सांगायचं, ती न्हाता आसा. फोन त्या घेतायत खऱ्या, पण त्यांना तो हातात धरवत नाही. फडक्यात गुंडाळून धरतात.

मी म्हटलं, तुम्हीही चला. म्हणाल्या, "मगे फोन कोण फिरवतला?"

हे पत्र काकी टाकतील. तुला मिळेपर्यंत एकतर मी तुझ्या घरात असेन, नाहीतर

काकी घाई करतायत.

गौरजा

फोंडाघाट
१८ एप्रिल २०२०

ताई,

तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. भावोजींच्या दूध संघाचा टँकर रोज घाटातून जातो, त्याच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देईन. त्याला माणूस न्यायची परवानगी नाही, पाकीट चालतं.

जानकीकाकूंच्या फोनवर आपण दोनदा बोललो, पण मला बोलता आलं नाही. त्यांच्या ओसरीवर सगळे असतात म्हणून नाही. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून 'बरं आहे' एवढंच निघतं. 'बरी आहे, जेवले, उकाडा आहे.' तू विचारत होतीस, रडतेस का. रडत नव्हते. कुणीतरी ऐकतंय असं वाटत होतं.

तर झालं ते असं.

त्या दिवशी मी साडीच्या पिशवीत दोन कपडे घालून पुढच्या दाराने निघाले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. बोलायची सोय नव्हती, फोन त्यांच्या कमरेला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "गौरजा, भात लाव गो!" मीही मोठ्याने म्हटलं, "लावतंय, आई." आणि चालायला लागले. तो माझा त्या घरातला शेवटचा शब्द.

कसालला गाडी मिळेना. एका भाजीच्या टेम्पोने कणकवलीपर्यंत घेतलं. रस्ताभर माझा हात पिशवीत फोन शोधत होता. नव्हता हे माहीत असूनही. कणकवलीत उतरले तेव्हा कुणीच विचारलं नाही, इथे का उतरलीस. तिथून मिळेल त्या गाडीने फोंड्याला आले.

पुढचं सगळं मला नर्मदाकाकींकडून कळलं. जानकीकाकूंच्या फोनवर त्या आठवड्यातून एकदा बोलतात, त्या बोलतात आणि मी ऐकते.

चंदन दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीने पोचला, हातावर शिक्का. अंगणात उभा राहून त्याने हाक मारली नाही. खिशातून स्वतःचा फोन काढून बघितला. त्यात मी घरात होते. मग तो आत गेला. काकी खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, आतून ओरडण्याचा आवाज येईल म्हणून त्या वाट बघत राहिल्या, पण काही आलं नाही. बऱ्याच वेळाने सासूबाईंचा आवाज आला, एकदाच. "मी काय सांगाचंय नाय."

दुपारी ग्रामपंचायतीची माणसं आली, दारावर कागद चिकटवून गेली. मग टाळेबंदी लागली. चौदा दिवस तो घराबाहेर पडला नाही. पडला असता तर वाडीनेच अडवला असता, रोगाच्या भीतीने. ज्या वाडीने त्याच्या बापाला सगळं सांगितलं, तीच आता काठ्या घेऊन वेशीवर बसलेली होती.

मध्ये तीन दिवस सासूबाई विहिरीवर दिसल्या नाहीत. काकींनी हे सांगितलं आणि मी तशीच इथल्या पोलीस चौकीत गेले. घाटाच्या नाक्यावरचा हवालदार भला माणूस आहे. मी त्याला सगळं सांगितलं, बोटासकट. कुणाला तरी सगळं एका दमात सांगायची ही पहिली वेळ. त्याने लिहून घेतलं आणि मालवणला फोन केला. तिथून आरोग्य केंद्राच्या आशा सेविकेला पाठवलं, आनंदी नावाची आहे, शिक्का मारलेल्या घरांत रोज ताप बघायला जाते. तिने पुढच्या दारातून हाक मारली. चंदन म्हणाला, आये झोपलली आसा. आनंदी म्हणाली, मगे उठवा, माका तिचो ताप बघूचो आसा. त्याने उठवलं.

सासूबाई चालत दारापर्यंत आल्या. डावा हात पदराखाली होता. आनंदीने तो बघायला मागितला. त्या म्हणाल्या, दारात सापडलो.

ताई, आनंदीने तेही लिहून घेतलं आहे. दुसऱ्या दिवशी मालवणहून दोन पोलीस गेले, चंदनशी बोलले. त्याने त्यांना पाण्याचा तांब्या दिला, अगदी रीतीने बोलला. सासूबाईंनी तक्रार द्यायला नकार दिला. पोलिसांनी त्यांना दुसरीकडे सुरक्षित पोचवतो म्हटलं, त्या गेल्या नाहीत. आनंदीला निरोप दिला, "सुनेक सांग, हंय येव नको. मी बरी आसंय." तेव्हापासून आनंदी रोज जाते, त्याचे चौदा दिवस संपले तरी. कालपर्यंत सासूबाई दारात येत होत्या.

चंदन दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतो. तो फोन मांडीवर उघडा असतो. आतला पडदा काळाच आहे, तरी उघडून बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी चांगला बोलतो. मुंबईहून आलेल्यांना वाडीत घेऊ नका म्हणणाऱ्यांना समजावतो. काकी म्हणतात, लोकांना त्याची दया येते, बायको टाकून गेली म्हणून.

मी इथे बरी आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. जानकीकाकू संध्याकाळी दारातून डबा देतात. हवालदार सकाळी नाक्यावर जाताना एकदा फाटकाशी थांबतो, "काय ताई, बरा मा?" विचारतो. मी त्याला विचारलं, इथे कुणी येऊ शकेल का. तो म्हणाला, "सध्या कोण येवचो नाय. निर्धास्त रवा." तो 'सध्या' म्हणाला. लोक टाळेबंदीला शिव्या देतायत, कुणाचा धंदा बुडाला, कुणाचं लग्न राहिलं. मी रोज सकाळी उठते आणि रस्ता रिकामा आहे ना, ते आधी बघते. रिकामा असला की चहा ठेवते.

काल नर्मदाकाकींचा फोन आला. आनंदी नेहमीसारखी गेली होती. चंदनने तिला खुर्ची दिली, लांबूनच. गावात कुणाला लागण आहे का, विचारलं. मग विचारलं, "कणकवलीचो रस्तो कधी सुटतलो?" आनंदीला त्यात काही वाटलं नाही. हल्ली सगळे तेच विचारतात.

मी हवालदाराला विचारून आले. तो म्हणाला, सोमवारपासून थोडी सूट मिळेल असं वरून कळलंय, जिल्ह्याच्या आतल्या गाड्या, मालवणहून इथपर्यंतच्या, हळूहळू सोडतील. मी विचारलं, आणि घाट? तो म्हणाला, घाट नाही. कोल्हापूरकडून कुणाला खाली सोडणार नाहीत, इथून कुणाला वर नाही, त्याला महिना तरी जाईल.

गौरजा